बारक्याची दोन मिनिटं

आमच्या डायलिसिसच्या विभागात तिला सगळे सुईताई म्हणायचे. नाव रुग्णांनी ठेवलेलं. ज्यांच्या हातात दर एक दिवसाआड दोन जाड सुया जातात, ती माणसं आपल्याला कोणी टोचलं हे विसरत नाहीत. काहीजण दारातूनच विचारायचे, "आज सुईताई आहे ना? नाहीतर मी उद्या येतो." उद्या येणं त्यांच्या हातात नसायचं, पण म्हणायचे. ती हात धरायची, फुगलेल्या शिरेवरून अंगठा फिरवायची, काहीतरी फालतू विचारायची आणि समोरचा उत्तर देईपर्यंत सुई आत गेलेली असायची.

तिचं बोलणं तेवढंच. रुग्ण तासन्‌तास खुर्चीत पडून असतात, तेव्हा आम्ही बाकीच्या गप्पा मारतो, त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकतो. ती मशीनचे आकडे बघत फिरायची. मी तिच्याहून वयाने बरीच मोठी. तिला हे काम मीच शिकवलं, म्हणून ती मला काकू म्हणायची. पण इतकी वर्षं शेजारी उभं राहूनही तिच्या घरी कोण कोण आहे हे मला धड माहीत नव्हतं. आई आहे, एवढं ठाऊक होतं. एक भाऊ होता हे मला कळलं ते तिच्या इंग्रजीच्या परीक्षेमुळे. तसं ते पुष्कळांना कळलं.

परदेशातल्या हॉस्पिटलांना आमच्या कामाची माणसं हवी होती. आमच्यातल्या दोघी गेल्या आणि तिकडून फोटो पाठवू लागल्या. तेव्हा हिनेही अर्ज केला. मी विचारलं, "आईचं काय?"

"मावशीकडे राहील."

"आणि इथे तुला काय कमी आहे गं?"

तिने हातातली नळी झटकली आणि म्हणाली, "काकू, आमच्या घरात आवाज नाही हो. कुकरची शिट्टी झाली तरी दोघी दचकतो."

मला वाटलं, गंमत करतेय. हसले मी.

अर्जाला अडसर एकच होता, इंग्रजीची परीक्षा. ऐकणं आणि वाचणं तिला सोपं गेलं. आमचं सगळं काम इंग्रजी आकड्यांचं आणि सूचनांचंच असतं. लिहिण्यात काठावर अडकली. बोलण्यात पार तळाला गेली. समोर एक हसरी परीक्षक बाई होती. म्हणाली, तुझ्या शहराबद्दल सांग. ही म्हणाली, माझं शहर मोठं आहे, तिथे रस्ते आहेत, मी तिथे राहते. आणि थांबली. बाईने वाट पाहिली. हिनेही पाहिली.

मग तिने क्लास लावला. चपलांच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली होती. पांढरा फळा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात एक काचेची पेटीवजा केबिन, तिच्यात एकेकाला बसवून बोलण्याचा सराव. शिकवणारे सर पूर्वी कॉल सेंटरमध्ये लोकांना बोलायला शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी ते क्लास सुटल्यावरही थांबायचे. कोणाला हसायचे नाहीत. फक्त कोणी काहीही सांगत असलं, तरी त्यांचा एक डोळा मोबाईलवरच्या घड्याळावर असायचा.

कारण या परीक्षेत एक कार्ड देतात. कार्डावर विषय. विचार करायला एक मिनिट आणि न थांबता बोलायला दोन मिनिटं. ही दोन मिनिटं म्हणजे क्लासमधल्या सगळ्यांच्या जिवावर आलेली गोष्ट. एसी दुरुस्त करणारा एक गडी होता, दिवसभर गच्च्यांवर चढून गिऱ्हाइकांशी तावातावाने भांडायचा. कार्ड हातात आलं की त्याला घाम फुटायचा.

एका संध्याकाळी हिला कार्ड मिळालं, न विसरता येणारा दिवस. नोकरी लागली त्या दिवसाबद्दल ती बोलली. अर्ध्या मिनिटात संपलं.

सर म्हणाले, "तुझ्या आयुष्यात दुसरं काही घडलंच नाही का?"

खुर्च्यांवरची पोरं हसली. ती कार्डाकडे बघत म्हणाली, "भाऊ गेला."

सरांनी विचारलं, "कसा?"

"पोहायच्या तलावात."

सरांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. म्हणाले, "इंग्रजीत सांग."

आणि तिने सांगितलं. जे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाहेर आलं. सुट्टीचा दिवस होता. आई शिवणाच्या कारखान्यात जादा कामाला गेली होती. ती कॉलेजात शिकत होती, भाऊ शाळेत. त्याला घरात सगळे बारक्या म्हणायचे. त्याला तलावावर न्यायचं काम आईने हिच्यावर सोपवलं होतं. ही कडेच्या पायऱ्यांवर बसली होती, पाठ तलावाकडे, कानाला फोन. मैत्रिणीशी सिनेमाच्या तिकिटांचं बोलत होती. वळून बघितलं तेव्हा तलावात पोरांचा तसाच गोंगाट चालू होता. त्या गोंगाटाखाली बारक्या तळाला होता.

बोलून झालं तेव्हा दोन मिनिटं कधीच उलटली होती. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मशीन धुताना तिने मला हे सांगितलं. मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काकू, खरं सांगू? इंग्रजीत रडू येत नाही."

तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मला बरं वाटलं. पुढचे काही दिवस मी सगळ्यांना सांगत होते की पोरगी खुलली.

सरांनी मग त्या गोष्टीवर काम सुरू केलं. त्यांच्या दृष्टीने ते घबाड होतं. न विसरता येणारा दिवस, तुमच्या हातून घडलेली चूक, पाण्याजवळची एखादी जागा, महत्त्वाचा फोन, ज्याची आठवण येते अशी व्यक्ती, कुठलंही कार्ड येवो, बारक्या सगळ्यात बसत होता. सुरुवातीचं एखादं वाक्य बदललं की झालं. "मेला" हा शब्द फार वेळा येतो, त्याच्या जागी दुसरे दोन घे. तिकिटांचं राहू दे, छान विरोधाभास आहे. "बारक्या" हे घरचं नाव तसंच ठेव, त्याने खरं वाटतं. गळा दाटला तर गुण वाढत नाहीत, पण अमुक जागी एक क्षण थांबलीस तर चालेल. ती मान डोलवत सगळं लिहून घ्यायची.

एका जागी मात्र अडलं. सर म्हणाले, "इथे मधे काहीच होत नाही. तू फोनवर आहेस आणि एकदम तो तळाला. त्याने हाक वगैरे मारली असेल ना?"

"नाही मारली. बुडताना माणूस ओरडत नाही सर. तोंडात पाणी जातं. म्हणूनच तर कळलं नाही."

"ते खरं असेल गं. पण हे बघ." सर फळ्याकडे गेले. "मी बोलत होते, तेवढ्यात त्याने हाक मारली. चालू भूतकाळ आणि साधा भूतकाळ, दोन काळ एका वाक्यात. परीक्षकाला हेच हवं असतं. तुझ्या सबंध उत्तरात असं वाक्य नाही."

तिने फळ्याकडे बघितलं.

"दोनदा मारली म्हण," सर म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं खेळतोय. दुसऱ्यांदा ऐकलंच नाहीस. काय?"

तिने लिहून घेतलं. आय वॉज टॉकिंग ऑन द फोन व्हेन ही कॉल्ड मी. ट्वाइस.

घरी सराव करायची तो सकाळी, स्वयंपाकघराचं दार लोटून. घर दोन खोल्यांचं. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेली असायची. शिलाई मशीन चालवून तिचे गुडघे गेले होते. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण नाव ऐकू यायचं. एकदा तिने दार ढकललं.

"बारक्या बारक्या काय चाललंय तुझं?"

"परीक्षेचं आहे, आई."

"परीक्षेत त्याचं काय काम?"

"भावाबहिणींबद्दल विचारतात."

आई दाराला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या दोघींमध्ये ते नाव कोणी काढलं नव्हतं. गेला त्या दिवशी हिने आईला एवढंच सांगितलं होतं की त्याचा पाय घसरला. आईने पुढे विचारलं नव्हतं. दोष दिला नव्हता. फक्त बोलणं कमी केलं होतं, करता करता बंदच पडलं होतं.

"मग काय सांगतेस त्याच्याबद्दल?"

"हुशार होता म्हणून."

"चित्रं चांगली काढायचा, ते सांग."

"सांगते."

"घोड्यांची विशेष. घोडे सांग."

"हो आई, सांगते."

आई खूश होऊन खुर्चीत जाऊन बसली. हिने दार लोटलं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून बुडवायला घेतलं. दोन मिनिटांत घोड्यांना जागा नव्हती.

लिहिण्याचा सरावही चालू होता. निबंध असायचा. कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेवटी आपलं मत. जेवणाच्या टेबलावर ती लिहायची, समोर आई डाळ निवडत बसायची. त्या एका विचारण्यानंतर आईला थोडी बोलायची सवय लागली होती.

"आज काय लिहितेस?"

"म्हाताऱ्या माणसांना मुलांनी घरी सांभाळावं की संस्थेत ठेवावं."

"मग काय ठरलं?"

"ठरत नसतं. दोन्ही बाजू लिहायच्या."

"आणि शेवटी?"

"शेवटी आपलं मत."

"तू काय लिहिलंस?"

तिने जरा वेळ पेनाशी चाळा केला. "संस्थेत."

आईचा हात डाळीत थांबला.

"अगं, मनातलं नाही ते," ही घाईघाईने म्हणाली. "त्या बाजूचे शब्द मला जास्त येतात."

आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती गुडघ्याला काही होतंय असं म्हणेनाशी झाली. भिंतीला धरून, ओठ आवळून, पण स्वतःची स्वतः चालायची.

इकडे सरांनी हिचं उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून क्लासच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, नमुना उत्तर, सर्वांनी ऐकावे. हिला विचारलं होतं का? विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. सगळ्यांनी ऐकल्यावर काय होणार हे तिला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात एसीवाल्या गड्याने काचेच्या केबिनमध्ये बसून आपल्या बारक्याची गोष्ट सांगितली. त्याचा सख्खा धाकटा भाऊ त्याला रोज मोटरसायकलवरून क्लासला सोडायचा. भाऊ खाली चपलांच्या दुकानासमोर गाडीवर बसून शेंगा खात असायचा आणि हा वर त्याला बुडवायचा. क्लासला येणाऱ्या एका शिक्षिकेने मामेभाऊ केला, एकाने मित्र. तलाव कोणी नदी केली, कोणी शेततळं. पण हाक सगळ्यांनी ठेवली, कारण त्यात दोन काळ होते. आणि बारक्या हे नावही ठेवलं, कारण त्याने खरं वाटतं असं सरांनी सांगितलं होतं.

सगळ्यात छान सांगायची ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी पोरगी. आवाज गोड, बोलण्यात चढउतार. "ट्वाइस" म्हणताना ती आवाज खाली आणायची आणि एक क्षण थांबायची. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. ती उठून आली की सर सुईताईला म्हणायचे, "बघ, असं सांगायचं. तू बातमी दिल्यासारखं सांगतेस. तुझाच भाऊ आहे, तुला तर सोपं जायला हवं."

मग ती केबिनमध्ये बसून त्या पोरीसारखं बोलायचा प्रयत्न करायची. आवाज खाली. थांबणं. पुन्हा. सर काचेवर टिचकी मारायचे. अजून थोडं.

मी तिला म्हणाले, "सोड तो क्लास. काय लावलंय हे?"

"काकू, आता ते माझं राहिलंच नाही," ती म्हणाली. "त्रास होत नाही. कधी कधी तर वाटतं, मारली असेल हाक. मी कुठे ऐकत होते?"

त्या दिवशी एका म्हाताऱ्या रुग्णाला तिला तीनदा टोचावं लागलं. तो मोठ्याने कण्हला. आमच्याकडे तिच्या हाताखाली कोणी कण्हल्याचं मला आठवत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी समोर एक दमलेला परीक्षक होता. दिवसभर लोकांना ऐकून त्याचे डोळे मिटायला आले होते. त्याने कार्ड दिलं, तुम्ही एखाद्याकडे लक्ष द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, असा प्रसंग. हिच्या मनात आलं, सरांनी स्वतः छापलं असतं तरी याहून बरं कार्ड मिळालं नसतं. ती सुरू झाली. कुठेही अडखळली नाही. "बारक्या" म्हटल्यावर परीक्षकाने मान वर केली. हाकेच्या जागी ती आवाज खाली आणून थांबली, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, लागलं त्याच्या मनाला.

तिचं संपल्यावर तो नेहमीच्या प्रश्नांकडे वळला नाही. थोडा पुढे झुकून म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या भावाने काय घातलं होतं?"

तिला माहीत होतं. निळी चड्डी, जिचं इलॅस्टिक सैल झालं होतं म्हणून कमरेला हिनेच सेफ्टी पिन लावून दिली होती, आणि ती टोचते म्हणून तो तक्रार करत होता, आणि हिने त्याला गप्प बस म्हटलं होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण मराठीत. त्यातलं एक वाक्य तिने कधी इंग्रजीत म्हटलं नव्हतं. सैलला काय म्हणतात, कमरेला काय म्हणतात, टोचते हे कसं सांगायचं? रोज टोचणाऱ्या बाईला टोचण्याचा शब्द सापडेना.

"ब्लू," ती म्हणाली. "इट वॉज... ब्लू."

"आणखी काही?"

तिने मान हलवली. त्याने काहीतरी लिहिलं, थँक यू म्हणाला आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

निकालाचा दिवस उलटला तरी तिचा निकाल आला नाही. रोखून ठेवला आहे, असं कळवलं. ती वाट बघत असतानाच एका रविवारी दाराची बेल वाजली. रिसेप्शनवाली पोरगी केक घेऊन आली होती. तिने परीक्षा आधीच दिली होती आणि फार चांगल्या गुणांनी पास झाली होती. सुईताई अंघोळीला गेली होती. दार आईने उघडलं.

पोरीने आईला वाकून नमस्कार केला. मनाने चांगली होती, तिला आभार मानायचे होते.

"काकू, तुमच्या बारक्यामुळे पास झाले मी."

"कोण बारक्या?" आईने विचारलं. तिच्या डोक्यात दुसरा कोणी आलाच नसेल, पण विचारलं.

"तुमचा मुलगा हो. ताईने क्लासमध्ये सगळं सांगितलं ना आम्हाला. तीच गोष्ट मी परीक्षेत सांगितली. सॉरी हं, माझा भाऊ म्हणून सांगावं लागतं. पण काकू, त्याने ताईला दोनदा हाक मारली आणि ताई फोनवर होती, ते सांगताना दर वेळी माझेच डोळे भरतात. परीक्षक बाईंचे पण डोळे भरले होते."

सुईताई केस पुसत बाहेर आली तेव्हा पोरगी निघून गेली होती. टेबलावर केक होता. आई खुर्चीत नव्हती, उभी होती.

"त्याने हाक मारली होती?"

हिला आधी समजलंच नाही. मग केक बघितला, त्यावर इंग्रजीत थँक यू लिहिलं होतं, आणि समजलं.

"नाही आई. ते सरांनी घातलं. काळ दाखवायला."

"कसला काळ?"

"व्याकरणातला. एका वाक्यात दोन काळ यावे लागतात."

"मला म्हणालीस पाय घसरला."

"आई, ऐक..."

"सगळ्या क्लासला सांगितलंस. त्या पोरीला सांगितलंस. माझ्याशी तू फोनवर होतीस हेसुद्धा बोलली नाहीस. आणि आता म्हणतेस हाक खोटी. मग खरं काय?"

"फोनवर होते ते खरं. हाक खोटी."

"म्हणजे गैरसोयीचं तेवढं खोटं."

ही खाली बसली. तिने आईला सगळं सांगायचं ठरवलं, तिथल्या तिथे, पहिल्यापासून. तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की मराठीत ते तिला सांगता येत नाही. शब्द येत होते ते पाठ केलेल्या उत्तराचे, त्याच क्रमाने, त्याच जागी थांबत. सुट्टीचा दिवस, पायऱ्या, तिकिटं. मी फोनवर बोलत होते तेव्हा. आणि सवयीने तिचा आवाज खाली गेला. ती थांबली. पुढचं वाक्य जिभेवर येऊन उभं राहिलं होतं. तिने ते गिळलं, पण आईने तिला गिळताना बघितलं.

"कळलं," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात परीक्षेचं पत्र आलं. तिचं उत्तर इतर अनेक उमेदवारांच्या उत्तरांशी जुळतं, म्हणून निकाल रद्द आणि काही काळ परीक्षेला बसायला बंदी. आधी बसलेल्यांचे बारक्या कोणाच्या नजरेत आले नव्हते. एकामागून एक इतके बारक्या बुडाल्यावर कोणीतरी मोजायला लागलं, आणि तोवर जिचा खरा होता तिची पाळी आली होती.

तिने दाद मागायचं ठरवलं. आईच्या कपाटातून भावाचा मृत्यूचा दाखला मागितला. आईने न बोलता काढून दिला. सोबतचं पत्र तिने स्वतः लिहिलं, इंग्रजीत, आणि मला वाचून दाखवलं. मला त्यातलं फार कळलं नाही, पण एकही खाडाखोड नव्हती. इतक्या दिवसांच्या सरावाने तिला लिहिता यायला लागलं होतं. माझा भाऊ खरा होता आणि तो खरा मेला, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि त्याचे तिने व्यवस्थित परिच्छेद पाडले होते.

उत्तर चार ओळींचं आलं. आपल्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे. घटना घडली नाही असं आमचं म्हणणं नाही. उत्तर पाठ केलेलं होतं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आणि ते होतंच पाठ केलेलं.

ती सरांकडे गेली. सरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तिला चहा मागवला. म्हणाले, "तुझं चुकलं कुठे सांगू? थोडं नैसर्गिक ठेवायला हवं होतंस." रेकॉर्डिंग त्यांनी ग्रुपवरून काढून टाकलं होतं. आता एका बाईच्या नवऱ्याच्या अपघाताचं चालू होतं. ते जास्त चांगलं आहे, सर म्हणाले, त्यात चार काळ येतात.

बंदी संपल्यावर ती पुन्हा बसली, क्लासशिवाय. या वेळी कार्ड आलं, तुम्हाला काहीतरी शिकवणारी व्यक्ती. तिने एक शेजारी उभा केला, त्याला टक्कल दिलं, कुत्रा दिला आणि त्याने आपल्याला सायकल शिकवली म्हणून सांगितलं. सगळं तिथल्या तिथे रचलेलं. मधे अडखळली, चुकली, स्वतःशीच हसली. परीक्षकही हसला. उत्तम गुण मिळाले.

निरोपाच्या दिवशी रुग्णांनी तिला घड्याळ दिलं. आईला तिने मावशीकडे पोचवलं. दोघींमध्ये वाटेत काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाली, "खिडकी उघडी ठेवू का, एवढंच."

तिकडे तिचं छान बस्तान बसलं. तिथले रुग्ण तिच्या हाताचं आणि तिच्या इंग्रजीचंही कौतुक करतात, असं तिने मला फोनवर सांगितलं. दर रविवारी ती आईलाही फोन करायची. आई हवापाण्याचं विचारायची, जेवलीस का विचारायची आणि फोन ठेवण्याआधी न चुकता विचारायची, "मारली होती ना गं त्याने हाक?" ही नाही म्हणायची. आई म्हणायची, "अजून खोटं बोल."

असे किती रविवार गेले कोण जाणे. एकदा लागोपाठ दोन पाळ्या करून ती घरी आलेली, पायातले बूटही काढले नव्हते. आईने विचारलं, आणि ही म्हणाली, "हो. मारली होती. दोनदा."



"आणि तुला ऐकू आली?"

"पहिली आली. वाटलं, खेळतोय."

"बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून आई तिच्याशी बोलत नाही. फोन मावशी उचलते. मी मावशीकडे एकदा जाऊन आले. आई अंगणात उन्हात बसली होती, तब्येत सुधारली होती. मावशी म्हणाली, आताशा झोप लागते तिला, जेवतेही पोटभर. इतकी वर्षं काहीतरी खात होतं, ते गेलं म्हणते.

मी हे सुईताईला कळवलं. ती म्हणाली, "मग चांगलंच झालं की, काकू." आणि मग तिकडे आता मशीनं नवी आली आहेत, त्यांच्याबद्दल बोलत राहिली.